‘आमी’ सापडत नाही

सकाळपासून निता तीच कमांड देत होती आणि काळ्या स्क्रीनवर तोच लाल एरर येत होता : ‘आमी’ नावाची फाइल सापडत नाही. फ्रेमवर्क काढून पुन्हा टाकलं, लॅपटॉप बंद करून चालू केला, तरी तेच. आज वेबसाइट चालली नाही, तर साहेब मानोऱ्याला, गावी घरी बसून काम करू देणार नव्हते. पुन्हा पुण्याची खोली, पुन्हा डबा.

शेवटी तिने पुण्यातल्या केतकीला एररचा फोटो पाठवला. ऑफिसात ती फाइल केतकीनेच बनवली होती. फोनवर ती हसलीच. “अगं, ‘आमी’ काय? मी नाव ‘आम्ही’ ठेवलंय. स्पेलिंगमधला एच खाल्लास तू!”

निताने एच घातला. साइट मुकाट्याने सुरू झाली. तिने टेबलावर डोकं टेकवलं.

दारातून तिचे वडील, गोविंदसिंग, हळूच म्हणाले, “झालं का, माय? काय चुकलं व्हतं?”

“‘आमी’ चुकलं, बाबा.”

“आमी?” ते दचकले. “आमी काय केलं वं? तुई लाइट जाऊ नये म्हनून विहिरीवरची मोटर तं सकायपासून बंदच ठेवली.”