मडक्याची सावली

पितांबररावांची सावली पुन्हा चुकली.

समोर स्टुलावर मडकं, शेजारी दोन कांदे. उजेड खिडकीतून डावीकडून येत होता आणि सावली उजवीकडे पडली होती, आंधळ्यालाही समजावं एवढं सोपं. कागदावरचं मडकं मात्र खड्ड्यात रुतल्यासारखं दिसत होतं. शेजारची कॉलेजातली काजल तोंडावर हात ठेवून हसली. चौसष्टाव्या वर्षी पितांबररावांचे कान तापले.

"काका, आधी मडकं काढूच नका," शिकवणारा डोंगरसिंग म्हणाला. "अंधार भरा. उजेड आपोआप उरतो."

तळोद्याच्या या रविवारच्या चित्रकलेच्या वर्गाला ते तीन महिने प्रकाशा गावाहून एसटीने येत होते. घरी सांगायचे, बाजाराला जातो. बाजारातून हाताला काळं कसं लागतं, हे बायकोने, शोभाबाईंनी अजून विचारलं नव्हतं, एवढंच.

दाराशी डोंगरसिंगची आई, रूपलीबाई बसलेली असे. तुरीच्या वाळक्या काड्या डब्यात भरून, झाकण मातीने लिंपून ती चुलीत भाजायची. वर्गाचा सगळा कोळसा तिच्या हातचा. बोलणं कमी. मधेच उठून मडकं बोटभर सरकवायची आणि परत जागेवर जाऊन बसायची. डोंगरसिंग तिला काही म्हणत नसे.

खरं तर चित्रकलेची हौस पितांबररावांना कधीच नव्हती. वीस वर्षांपूर्वी डोंगरातल्या एका आश्रमशाळेत ते गणित शिकवत आणि कलेचा तास त्यांच्या गळ्यात पडला होता. आठवीतल्या एका मुलाने घरून कोळशाचं चित्र काढून आणलं. मडकं असं, की हात घालून पाणी काढावं. डोंगरातलं पोर असं काढेल, हे त्यांना पटलंच नाही. लाल पेनाने त्यांनी शेरा मारला, 'दुसऱ्याने काढलेले', खाली शून्य दिलं आणि कागद वर्गभर फिरवला. पोरं खिदळली. तो मान खाली घालून उभा राहिला.

तो डोंगरसिंग. गेल्या वर्षी त्याच्या प्रदर्शनाचा फोटो पेपरात आला आणि पितांबररावांना आपला लाल शेरा आठवला. माफी मागायची होती, पण नुसत्या तोंडाने मागायची लाज वाटत होती. एक मडकं तरी आपल्या हाताने धड काढायचं आणि मग तोंड उघडायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

त्या रविवारी ते जमलं. त्यांनी अंधार भरला, चिंधीने मडक्याच्या पोटावरचा कोळसा थोडा टिपला आणि मडकं कागदावर टेकून बसलं. काजल हसली नाही.

सगळे गेल्यावर ते मागे थांबले.

"डोंगरसिंग, तू माले वळखस का?"

"पहिल्याच रविवारी ओळखलं, गुरुजी."

पितांबररावांनी हात जोडले. "मन्ही चूक व्हयनी, भाऊ. ते चित्र तूच काढेल व्हतं. मी तुले भर वर्गात चोर ठरवेल व्हतं."

डोंगरसिंगने बोटांचा कोळसा पुसला. "नाही, गुरुजी. तुमचा शेरा बरोबर होता. ते मी काढलं नव्हतं. तेवढ्या शरमेपोटी मग मी चित्र शिकलो."

वीस वर्षांचं ओझं उतरलं. पितांबररावांना हसूच आलं. म्हणजे आपण कुणाचं वाईट केलंच नव्हतं.

"मग कोन्ही काढेल व्हतं?"

डोंगरसिंगने मान वर केली नाही. "तिला वाचता येत नाही. शेरा मी तिला कधी सांगितला नाही. शून्य तेवढं तिला कळलं."

दाराशी डब्याचं झाकण वाजलं. रूपलीबाई काळे हात लुगड्याला पुसत जवळ आली, त्यांच्या कागदावरच्या मडक्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"मास्तर," तिने हळूच विचारलं, "मन्ह्या मडकामा काय चुकनं व्हतं?"