यंत्राची चूक

सकाळी अकराला यंत्राने विजेचा प्रचंड झोत सोडला आणि त्यातला जेमतेम दोन तृतीयांश टोकाला पोचला. एवढा मोठा प्रवाह धातूच्या दोन भिंतींमध्ये स्वतःच्याच चुंबकीय क्षेत्राच्या धाकात राहतो, पण सांध्यापाशी निसटतोच. प्रयोगशाळेत कंत्राटावर असलेल्या तिने संगणकात बनवलेल्या मॉडेलने ही गळती महिनाभर आधीच दाखवली होती.

"पाहुण्यांसमोर गळती दाखवणार, बाईसाहेब? लाज काढायची ठरवलीय का आमची?" संचालक तेव्हा म्हणाले होते. "काढा ती तिथून. कायम व्हायचंय ना तुम्हाला?"

तिने ती काढली.

दुपारच्या बैठकीत संचालकांनी पडद्यावरच्या सरळसोट रेषेवर बोट ठेवलं. "मॉडेलमध्ये गळती नाही. म्हणजे यंत्रच चुकलंय!" माना डोलावण्यात मात्र काडीचीही गळती झाली नाही. यंत्र बांधणाऱ्या अभियंत्याने तिच्याकडे पाहिलं. ती पडद्याकडेच पाहत राहिली.

चहाच्या वेळेला तिला कायम नोकरीचं पत्र मिळालं आणि अभियंत्याला निलंबनाचं.



संध्याकाळचे सात वाजून गेले, तरी तिचा नवरा ते निलंबनाचं पत्र घेऊन घरी आलेला नव्हता.