नदीच्या बाजूनं

"हितं उतरायचं न्हाई, साहेब." हणमंतरावांनी नकाशावर पेन्सिल टेकवली. "वरून पाणी गुडघाभर दिसतंय. पण उपसून उपसून खाली विहिरीवाणी खड्डे पडलेत. माणूस उतरला की गेला."

नायब तहसीलदार रविकांत नकाशावर वाकला. विष्णुपुरीच्या वरच्या अंगाला, गोदावरीच्या एका वळणावर चार महिने चोरून वाळूचा उपसा चालू होता. पाण्यात तराफे, तराफ्यांवर पंप, काठावर हायवा ट्रकांची रांग. तीनदा छापा टाकला, तिन्ही वेळा काठ रिकामा. तिसऱ्या खेपेला परतताना एका हायवानं तलाठी विशाखाची स्कूटी उडवली. तिच्या पायात सळई घातली होती. अजून काठी टेकत चालायची.

"रस्त्यानं निघालो की त्यांना आधीच कळतंय," रविकांत म्हणाला. "म्हणून तुम्हाला बोलावलं, काका. नदीकडून जाऊ."

हणमंतराव मिशीत हसले. माणूस लोह्याचा, पण नौदलात बावीस वर्षं काढलेला. त्यातली चौदा रणगाडे वाहणाऱ्या जहाजावर. असं जहाज बंदर शोधत बसत नाही, सरळ किनाऱ्याला जाऊन टेकतं. मग त्याचं तोंड उघडतं आणि पोटातले रणगाडे, ट्रक, जवान वाळूवर उतरतात. अंदमानात त्याचा सराव चालायचा. त्सुनामीच्या वेळी त्याच जहाजातून त्यांनी तांदूळ, तंबू आणि डॉक्टर उतरवले होते. आता जिल्ह्याच्या पूर-बचाव पथकाला बोटी चालवायला तेच शिकवत.

"एकाहत्तरच्या लढाईत आपलं सैन्य कॉक्स बाजारला समुद्रातून उतरवलं," ते म्हणाले. "जहाज वाळूच्या दांड्यावर अडकलं. पोरं पाठीवर सामान घेऊन उतरली. दांड्याच्या पुढं लई खोल. काही जवान तिथंच बुडाले. अन् किनाऱ्यावर गोळी झाडायला दुश्मनच न्हवता! तवापासून आमच्यात एकच शिकवण. आधी तळ माप, मग पाय टाक."

"कुठं उतरायचं मग?"

"ह्या बाभळीपाशी. खाली खडक हाय. दोन बोटी, मधी पन्नास हात अंतर. इंजिन आधीच बंद, पुढं वल्ह्यानं." पेन्सिल झपझप चालली. "कोणाकोणाला ठाऊक हाय हे?"

"तुम्ही, मी आणि मोठे साहेब. पथकातल्या पोरांना पूर-सराव म्हणून सांगितलंय. उद्या सकाळी सहाला."

"बस्स. चौथ्या कानाला कळू द्यायचं न्हाई."

संध्याकाळी घरी जाऊन हणमंतरावांनी जुनं लाइफ जॅकेट झटकलं, शिट्टी पुसून ठेवली. मग लेकीला, ऋतुजाला, फोन लावला. जावई सुदर्शनचा बांधकामाचं सामान पुरवायचा धंदा होता.

"उद्या दुपारी जेवायला येतो. जावईबापूंना म्हणावं, कामाला सुट्टी द्या, घरीच थांबा. लई दिवस झाले बोललो न्हाई."

"येतील तेव्हा सांगते, बाबा."

"येतील तेव्हा नको. आत्ताच सांग."

सकाळी सहाला दोन्ही बोटी पाण्यात होत्या. नदीवर पातळ धुकं होतं. हणमंतराव पुढच्या बोटीत गुडघ्यावर बसले होते. एक हात वर गेला, इंजिनं थांबली. दुसऱ्या इशाऱ्याला वल्ही पडू लागली, पाण्याचा आवाजसुद्धा नाही. तेविसाव्या वर्षी पहिल्यांदा जहाजाचं तोंड उघडताना पाहिलं होतं, तशीच त्यांची छाती भरून आली. बाभळीपाशी त्यांनी स्वतः बांबूनं तळ चाचपला आणि उतरायची खूण केली. बाराच्या बारा जण कोरड्या गुडघ्यांनी काठावर.

काठ रिकामा होता.

चाकोऱ्या ताज्या होत्या. तराफ्यांचे दोर तोडलेले, डिझेलचा वास अजून हवेत. हणमंतरावांनी कमरेवर हात ठेवले.

"च्... आपल्यातच कुणीतरी फितूर हाय, साहेब."

पिशवीतून थर्मास काढून रविकांतनं दोन कप भरले आणि एक पुढे केला.

"तुम्ही शिकवायला लागल्यापासून मी बी ह्याच विषयाचं वाचून राहिलो, काका. एक्क्याण्णव साली आखातात लढाई झाली. अमेरिकेचे हजारो मरीन जहाजांवर बसून होते, कुवेतच्या समोर. आता उतरतील, मग उतरतील. इराकच्या फौजा समुद्राकडं तोंड करून बसल्या. अन् खरं सैन्य आलं वाळवंटातून. जहाजावरचे बहुतेक उतरलेच न्हाईत."

हणमंतरावांचा कप ओठांपाशी थांबला.

तेवढ्यात रविकांतचा फोन वाजला. त्यानं स्पीकर लावला. पलीकडे विशाखा होती, तिचा श्वास चढला होता.

"सर, सापडले! रातोरात सगळं भरून निघाले होते, लोह्याच्या वाटेवर पोलिसांनी अडवले. पाच हायवा, तीन पंप. पुढच्या गाडीत मालकच बसलाय. एक फोन करू द्या म्हणतोय."

"करू द्या की," रविकांत म्हणाला आणि फोन ठेवला.

"भले, साहेब!" हणमंतरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. हात जरा हलका पडला. "पण त्या फितुराला सोडू नका. बोटीचं तिघांलाच तर ठाऊक होतं."

"दोघांलाच, काका. मोठ्या साहेबांनाबी मी पूर-सरावच सांगितला होता."

हणमंतरावांच्या खिशातला फोन वाजायला लागला.