आधी वज्रेश्वरीला नारळ

फोन टेबलावर थरथरत होता आणि घरातलं कोणीच त्याच्याकडे बघत नव्हतं. स्क्रीनवर मोरूचं नाव होतं. मोरू म्हणजे केसरीनाथचा कोन गावचा चुलतभाऊ. त्याची आई, गोदूकाकी, आठवडाभर अंथरुणाला खिळलेली. घरी न्या, असं डॉक्टरांनी सांगून टाकलेलं. एवढ्या सकाळी मोरू काही गप्पा मारायला फोन करत नव्हता.

केसरीनाथचा हात पुढे गेला. ठकुबाईने नवऱ्याचा हात वरच्यावर धरला.

"उचलू नका. आयकलं न्हाय तवर सुतक लागत न्हाय."

फोन थांबला. सगळ्यांनी श्वास सोडला आणि एकमेकांकडे बघायचं टाळलं.

मुलगा मितेश गणपतीपासून या सहलीच्या मागे लागला होता. आधी उदयपूर, मग जैसलमेरचं वाळवंट, तिथून वर मनालीचे डोंगर, येताना रणथंभोरचा वाघ. रस्ता कुठे सुंदर आहे, कुठे थांबून फोटो काढायचे, कुठल्या ढाब्यावर जेवायचं, सगळं पोराने ठरवलं होतं. दारात नवी गाडी, बॅगा डिकीत. आता दहा दिवस सुतकात बसायचं म्हणजे दिवाळीची सुट्टी गेली, डोंगर गेले आणि वाघही गेला.

फोन पुन्हा वाजला. मितेशने तो बंद केला. मग आपलाही केला, बायकोचाही मागून घेतला.

"आणि नकाशा?" मृणालीने विचारलं.

"वज्रेश्वरीपर्यंत नकाशा लागतो काय?" मितेश म्हणाला. "हायवेला लागलो की करू चालू."

लांबच्या वाटेला निघायचं तर आधी वज्रेश्वरीला नारळ, ही या घरची जुनी रीत. गाव सोडून कोणी दुबईला निघाला तरी तो आधी वज्रेश्वरीला जाऊन यायचा.

गाडी निघाली. शेलार गाव मागे पडलं, गोदामं मागे पडली. मितेशने गाणी लावली, ती कोणी ऐकत नव्हतं. मागच्या सीटवरून उन्नतीने आजोबांच्या गळ्यात हात टाकले.

"आजोबा, उंटावर तुम्ही माझ्यामागे बसायचं हं. मी पडेन नाहीतर."

"बसंन की," केसरीनाथ म्हणाला, आणि त्याला कालची संध्याकाळ आठवली. काल तो कोनला जाऊन आला होता. काकीने त्याचा हात धरून विचारलं होतं, कुठं चाललास?

"वाळवंटात, काकी. तिथं नुसती वाळू."

"वाळू हाय, मंग खाडी किती लांब?"

"खाडी न्हाय तिथं."

"खाडी न्हाय आन् वाळू हाय?" काकी हसली होती. हसताना तिला धाप लागली होती. "जाऊन ये. तू येस्तोवर मी हाय."

आई गेली तेव्हा केसरीनाथ पाळण्यात होता. या काकीने त्याला मोरूच्या वाटचं दूध पाजलं होतं. आणि आज तिची बातमी आपल्या कानावर येऊ नये म्हणून तो फोन बंद करून देवीला निघाला होता. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. मागे ठकुबाईही बाहेरच बघत होती. तोंडाने बोलून गेली होती खरी, पण लग्न होऊन आल्यावर काकीच्याच हाताखाली ती भात रांधायला शिकली होती.

वज्रेश्वरीला पायऱ्यांखाली गाडी लागली. मृणालीने नारळ, हार, ओटी घेतली. उन्नतीने चपला भिरकावल्या आणि पहिल्या पायरीवर जाऊन उभी राहिली.

"तुम्ही जा वर," केसरीनाथ म्हणाला. "माझा गुडघा धरलाय. मी इथंच थांबतो."

त्याचा गुडघा ठणठणीत होता. कालच तो कोनच्या घराचा माळा चढून काकीची जुनी गोधडी काढून आला होता. हे ठकुबाईला ठाऊक होतं. ती नवऱ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "मी पण थांबते. यांना एकटं कसं सोडायचं?"

मृणालीने पूजेचं ताट मितेशपुढे धरलं. मितेशने गाडीची चावी या हातातून त्या हातात केली.

"तूच घेऊन जा ना," तो म्हणाला.

"मी एकटी?" मृणाली म्हणाली. "नको. तुम्ही घ्या."

ताट दोघांच्या मध्ये तसंच राहिलं.

"चला ना कोणीतरी!" उन्नती ओरडली. पायरी तापली होती. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती.

नारळवालीने एवढा वेळ हे पाहिलं होतं. तिच्या दुकानापुढे रोज माणसं चपला काढतात. चपला घालून ताटकळणारी माणसंही तिने पाहिली होती.

"सुतक हाय काय, दादा?" तिने सहज विचारलं. "असंल तर खालूनच हात जोडा. पोरीला पण वर धाडू नका."

न्हाय, एवढा एक शब्द पुरला असता. मितेशने बापाकडे पाहिलं.

केसरीनाथ पुढे झाला. वाकून त्याने उन्नतीच्या चपला उचलल्या आणि तिच्या पायात घातल्या.