भुंग्याच्या आवाजावरचा इलाज

“वाच,” साहेब म्हणाला. “खोलीत वाचतोस तसंच वाच. तिथे लाज वाटत नाही, मग इथे कसली वाटतेय?”

भुंग्याने दुकानाच्या काउंटरवर वही उघडली आणि वाचायला सुरुवात केली. साहेबाने पहिला हेडफोन कानांवर चढवला, आंबट तोंड केलं आणि लगेच काढून ठेवला. “भिकार आहे. दुसरा दाखवा.”

साहेब हे नाव त्याला वसतिगृहातल्या पोरांनी दिलं होतं, आणि ते काही कौतुकाने नव्हे. दोघांच्या खोलीतलं टेबल साहेबाचं, खिडकी साहेबाची, पंख्याखालची खाटही साहेबाचीच. भुंग्याच्या वाट्याला दाराजवळची खाट आणि साहेबाची बोलणी. भुंगा मोठ्याने वाचायचा. संध्याकाळी मेसमधून जेवून आला की जो सुरू व्हायचा तो थांबायचं नाव नाही. एकेक वाक्य दोनदोनदा, तीनतीनदा. “घोकायला पोपट पाळतात, माणसं नाही,” असं साहेब खाटेवर पालथा पडून, मोबाइलमध्ये डोकं खुपसून म्हणायचा. भुंगा मान हलवायचा आणि पुढचं वाक्य वाचायचा. असल्या कोडग्या माणसाचा साहेबाला मनापासून तिटकारा होता.

बांधकाम साहित्याच्या पेपरात साहेब दोनदा आपटला होता. त्याच्या मते पहिल्या वेळी पेपर काढणारा गाढव होता आणि दुसऱ्या वेळी तपासणारा. त्या दोन्ही वर्षी तो एकट्याच्या खोलीत राहत होता आणि तिथे चिटपाखरूही नव्हतं, हे मात्र तो कुणाला सांगत नसे. आता ही तिसरी आणि शेवटची संधी. ही गेली की कॉलेज बंद, आणि दाजींच्या टाइल्सच्या गोदामात जन्मभर हमाली. दाजींनी त्याच्या मापाचा खाकी डगला शिवूनही ठेवला होता.

परीक्षा दहा दिवसांवर आली होती. भुंग्याचा बंदोबस्त करणं भागच होतं. भारीतले हेडफोन परवडणारे नव्हते, आणि स्वस्तातल्यांवर साहेबाचा काडीचा विश्वास नव्हता. म्हणून ज्याचा आवाज बंद करायचा त्यालाच तो चाचणीसाठी दुकानात घेऊन आला होता. यात काही वावगं आहे असं त्याला वाटलं नाही. भुंगा एका शब्दात तयार झाला, याचीच त्याला किळस आली.

दुसरा हेडफोन चढवून साहेब म्हणाला, “हाही तसलाच. ऐका. ‘काँक्रीटमध्ये पाणी जास्त झालं की त्याचं बळ घटतं.’ शब्दन् शब्द ऐकू येतोय. लोकांना काय बहिरे समजता का तुम्ही?”

दुकानदार वयस्कर होता. त्याने असली गिऱ्हाइकं पुष्कळ पचवली होती. तिसरा हेडफोन त्याने आधी स्वतःच्या कानांवर बसवला आणि मोबाइलवर धबधब्याचा आवाज लावला. समोर भुंग्याचे ओठ हलत होते.

“मला काहीच ऐकू येत नाही,” दुकानदार हेडफोन काढत म्हणाला.

“तुमच्या कानांचं वय झालंय, काका. इकडे आणा.”

साहेबाने तो हेडफोन हिसकून घेतला. धबधबा चालूच होता. नीट लक्ष देता यावं म्हणून त्याने डोळे मिटले आणि तुच्छतेने हसला. “हे बघा. येतोय. ‘काँक्रीट ओतल्यावर निदान सात दिवस ते ओलं ठेवावं.’ ऐकलंत? धबधब्यातूनसुद्धा याची टकळी येतेय.”

दुकानदाराने भुंग्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. भुंगा थांबला. त्याने वही मिटली.

“‘ते फार लवकर वाळलं तर त्याला भेगा पडतात,’” साहेबाचं चालूच होतं. “‘उन्हाळ्यात त्यावर ओली पोती अंथरावीत. वाळूत माती किती आहे हे बघायला ती बाटलीत पाण्याबरोबर हलवून ठेवावी.’ सगळं येतंय. फसवता तुम्ही लोकांना.” मग विटांचं आलं. भाजलेली चांगली वीट कशी वाजते, कच्ची किती पाणी पिते. मग चुना. चार्जर घ्यायला आलेली एक बाई आधी हसली, मग तीही कान देऊन ऐकायला लागली.

चुना संपल्यावर साहेबाने डोळे उघडले. समोर मिटलेली वही होती आणि भुंग्याचं मिटलेलं तोंड.

त्याने हेडफोन काढला. “थांबलास कधी?”

“सात दिवसांपाशी,” भुंगा म्हणाला. “पुढचं सगळं तूच म्हणालास.”

त्या विषयाचं पुस्तक यंदा त्याने एकदाही उघडलं नव्हतं. वर्षभर तो खाटेवर पालथा पडून शिव्या घालत होता, आणि त्याच काळात हे सगळं त्याच्या डोक्यात जाऊन बसलं होतं. भुंग्याकडे बघायची त्याला हिंमत होईना.

“बांधून देऊ का?” दुकानदाराने विचारलं.

उत्तर भुंग्याने दिलं, नेहमीच्याच आवाजात. “हवा तर घेऊन टाक, माझ्याही घशाची सुटका होईल. मला मनात वाचलेलंच लक्षात राहतं. ‘याच्या डोक्यात डोळ्यांनी वाचलेलं शिरत नाही, तू जरा मोठ्याने वाचत जा बाळा,’ असं पहिल्या दिवशी तुझ्या आईने हात जोडून सांगितलं होतं, म्हणून वाचत होतो. काय ते लवकर ठरव, अजून चार धडे राहिलेत.”