दाराकडची बाजू

तातेरावांनी कॉम्प्युटरच्या डब्यावर पुन्हा एक थाप मारली. वरून. डबा टीं टीं करत राहिला आणि स्क्रीन काळी ती काळीच.

"अप्पा, फुटंल तो," भावना म्हणाली.

"तुझी आई अशीच मारायची."

"कुठं मारायची पण?"

तातेरावांचं वर मारून झालं होतं, समोर मारून झालं होतं, वाकून मागूनही मारून झालं होतं. ते कॉटवर बसले, लगेच उठले, दारापर्यंत जाऊन आले. गिरिजाबाई होत्या तेव्हा ते कॉटवर पडूनच म्हणायचे, गाणी लाव गं. मग एक थाप ऐकू यायची आणि स्क्रीन उजळायची. थाप त्यांनी इतकी वर्षं नुसती ऐकली होती. बघितली कधीच नव्हती.

उद्या गिरिजाबाईंचं पुण्यानुमोदन होतं, त्या गेल्यानंतरची वंदना. अंगणात मंडप पडला होता. भावनाचा धाकटा भाऊ संघपाल घनसावंगीला फ्लेक्सच्या दुकानात जाऊन बसला होता आणि फोटो इथं, या डब्यात अडकला होता. मोबाईलमधले सगळे आजारपणातले. तातेरावांना हवा होता तो एकच, आणि तो इथंच होता.

संघपालचा फोन आला. भावनाने स्पीकर चालू केला.

"ताई, हा दुकान बंद करून राह्यला. आधारवरचा फोटो टाकू का?"

"न्हाई," तातेराव लांबूनच म्हणाले.

"मंग नुसती फुलं टाकतो अन् खाली नाव टाकतो म्हणतो."

"त्याला म्हणावं चहा पी. त्या आधारवरच्या बाईला मी ओळखत न्हाई."

भावनाला हसू आलं. तिने फोन ठेवला आणि पदर खोचला. ती नवीन जालन्यात बियाण्यांच्या कंपनीत कामाला होती. "आमच्या ऑफिसात अंगद म्हणून आहे, तो कॉम्प्युटर उघडून हेच करतो. मी कितीदा बघितलंय. पेचकस द्या."

"उघडल्यावर बंद करता येईल का?"

"अप्पा, आता तरी कुठं चालू आहे?"

तिने प्लग काढला, वायरी सोडवल्या. डबा टेबलाखाली, स्वयंपाकघराच्या दाराला लागून होता. तातेरावांनी तो ओढून उजेडात आणला. आणताना फिरवावा लागला, आणि दाराकडची बाजू त्यांच्या समोर आली.

काळ्या पत्र्यावर पांढरा डाग होता. खालच्या कोपऱ्याजवळ. ज्वारीचं पीठ. थरावर थर वाळलेलं, कडांना सुटायला आलेलं.

त्यांनी दाराकडे बघितलं. उंबऱ्याच्या आत शेगडी होती. शेगडीपुढे तिचा पाट तसाच होता. ते गेले आणि त्या पाटावर बसले. गुडघे कुरकुरले. तिथून उजवा हात दारातून बाहेर काढला, तर डबा जिथं असायचा तिथं बराबर पोहोचत होता. उठावंही लागत नव्हतं.

"भाकरी करता करता मारायची," ते म्हणाले.

"तुम्ही तिथं काय बसलात? प्रांजलीच्या पोराकडून खोडरबर आणा. जल्दी. लाइट जाईल."

ते अनवाणीच शेजारी गेले आणि खोडरबर घेऊन आले.

तोवर भावनाने दुसऱ्या बाजूचा पत्रा उतरवला होता. आत धुळीची गादी झाली होती. तिने एक हिरवी पट्टी उपसून काढली, तिचे पिवळे दात रबराने घासले, फुंकर मारली, पुन्हा जागेवर धरून दोन्ही टोकांना अंगठ्याने दाबलं. टक् आवाज आला.

"ही ढिली झालती. थाप बसली की तेवढ्यापुरती जागेवर जायची. आई काही उगं मारत नव्हती, अप्पा."

तिने ओलं फडकं घेतलं आणि बाहेरून डबा पुसायला लागली. वर पुसलं. समोर पुसलं. मग डबा फिरवला, तसा तातेरावांनी तिचा हात धरला.

"ती बाजू राहू दे."

तिने डाग बघितला. फडक्याची घडी उलटी केली आणि टेबल पुसलं.

वायरी लावल्या. बटण दाबलं. टीं टीं झालं नाही. स्क्रीन उजळली. तातेराव मागे उभे होते. त्यांचा हात थाप मारायला उचललेला होता, तो तसाच खाली आला.

फोटो सापडला. विहारासमोर, पांढऱ्या साडीत, तोंड उघडं, एक हात वर. भावनाने तो मोबाईलमध्ये घेतला आणि पाठवला. लगेच संघपालचा फोन.

"ताई, यात तर आई ओरडून राह्यली."

"मलाच ओरडून राह्यली," तातेराव म्हणाले. "तोच टाक."

"लोक हसतील, अप्पा."

"हसू दे. तोच टाक."

भावनाने कॉम्प्युटर बंद केला. पत्रा बसवायला घेतला, स्क्रू तळहातावर जमवले.

"आता कसलं टेन्शन न्हाई तुम्हाला. बटण दाबलं की चालू. थाप बिलकुल लागणार न्हाई."

तातेराव कॉटवर बसले. उठले. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि तिथंच थांबले.

"भावना."

"हं."

"ती पट्टी," ते पाटाकडे बघत म्हणाले, "जराशी ढिली बसवता येईल का गं?"