खरं कारण

प्रणव डिप्रेशनमुळे दीड महिना रजेवर होता. जर्मनीत, ब्राउनश्वाइगच्या ऑफिसात त्याने स्वतःच मोकळेपणाने तसं सांगितलं होतं; पुण्यात मात्र त्याच्या बायकोने, मीनलने, सासूबाईंखेरीज कुणाला कळू दिलं नव्हतं. मदतीला आलेल्या सासूबाईंना एका दुपारी त्यांच्या नणंदेचा व्हिडिओ कॉल आला. मागे प्रणव दिसला, तसं नणंदबाईंनी विचारलं, "आज ऑफिस नाही का त्याला?"

मीनलने कॅमेऱ्याआडून 'नको' म्हणून मान हलवली.

"त्याला डिप्रेशन आलंय, वन्सं. औषधं चालू आहेत, बरा होतोय," सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

मीनलकडे एकदा बघून त्या पुढे म्हणाल्या,

"तुमच्या भावालाही हेच झालं होतं. तेव्हा मी तुम्हाला अ‍ॅसिडिटी म्हणून सांगितलं आणि एकटीच निभावत राहिले. माझ्या सुनेला नाही एकटं पडू द्यायचं मला."